ओंगरमानलांड: वर येणारी जमीन, फुगणारा डबा

स्वीडनच्या बाल्टिक किनाऱ्यावरचा हा प्रांत अजूनही समुद्रातून वर येतोय, वर्षाला साधारण ८ मिलिमीटर. हिमयुगातल्या जाडजूड बर्फाचं ओझं उतरलं, पण दबलेलं भूकवच अजून सावरतंच आहे. स्कुले डोंगरावर तर जुना किनारा २८६ मीटर उंचीवर सापडतो: वर झाडीची टोपी, खाली लाटांनी धुतलेला उघडा कातळ. सोलापूरच्या सपाट माळावर राहणाऱ्याने हे एकदा पाहावंच. २००० साली हा किनारा जागतिक वारसा ठरला. कोळ्यांची जुनी बंदरं मात्र उथळ होत जातात.

इथलं सुरस्ट्रॉमिंग म्हणजे आंबवलेली हेरिंग. अंडी घालण्याआधी पकडलेला मासा आधी कडक, मग सौम्य मिठाच्या पाण्यात पिंपात मुरवतात. मीठ एवढंच की मासा सडू नये, पण आंबणं थांबू नये. डब्यातही ते चालूच राहतं, म्हणून डबा फुगतो. घरात फोडलात तर खारं पाणी उडतं आणि वास हटत नाही. अंगणात, बादलीतल्या पाण्यात बुडवूनच उघडा. सोबत लोणी, उकडलेला बटाटा, कच्चा कांदा आणि तिथली पातळ कडक पोळी. ती नसेल तर आपली ज्वारीची कडक भाकरी उत्तम.