राखीव टार्गेटांची ओळ

टार्गेटमधल्या, म्हणजे लेसर ज्यावर मारायचा त्या बारीक वस्तूतल्या, दाबाचा आकडा खाली सरकायला लागला, तेव्हा ते टार्गेट अजून तयारीच्या खोलीतच, टेबलावर होतं. सहाशे मायक्रॉन व्यासाची पॉलिइमाइडची नळी, एका टोकाला २० मायक्रॉन जाडीची बेरिलियमची चकती, आत १.१ वातावरण दाबाने भरलेला झेनॉन. भरल्यानंतर आकडा स्थिर राहायला हवा. तो १.१ वरून १ कडे चालला होता, म्हणजे कुठेतरी गोंदाचा सांधा झिरपत होता. बाहेर हवा आहे म्हणून तो १ वर तरी थांबेल. लेसरच्या चेंबरच्या निर्वातात गेल्यावर नळी रिकामीच झाली असती.

जागा रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य. ओमेगा हा ६० बीमचा निओडिमियम काचेचा लेसर १९९५ पासून इथे चालतो. त्याचा मूळ प्रकाश १०५३ नॅनोमीटरचा अवरक्त. केडीपी नावाच्या स्फटिकांतून तो ३५१ नॅनोमीटरचा अतिनील होऊन टार्गेटवर पडतो. सगळे बीम मिळून ऊर्जा साधारण ३० किलोज्यूलपर्यंत. काच थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे दोन शॉटमध्ये (एक शॉट म्हणजे लेसर एकदा मारणं) तासाभराचं अंतर धरायचं. दिवसाला दहा-बारा शॉट मिळाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. एक शॉट वाया गेला की जवळजवळ दहावा हिस्सा गेला, आणि तो दिवस सहा महिने आधी ठरलेला असतो. 'उद्या परत करू' असं इथे नसतं.

प्रयोग असा: दहा बीम मिळून सुमारे ३.८ किलोज्यूल ऊर्जा एका नॅनोसेकंदात बेरिलियमवर टाकतात. चकतीचा पुढचा थर उडून जातो, आणि मागचा भाग पिस्टनसारखा झेनॉनमध्ये घुसतो. सेकंदाला शंभर किलोमीटरहून जास्त वेगाची आघातलाट तयार होते. ती इतकी तापते की तिची बरीचशी ऊर्जा प्रारणाने निघून जाते, मागचा वायू पातळ, घट्ट थरात दबतो आणि पुढे गेलेलं प्रारण नळीची भिंत तापवून आतल्या बाजूला उडवतं. स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या काही आघातलाटांत हीच भौतिकी काम करते. तेरा नॅनोसेकंदांच्या आसपास दुसरे बीम व्हॅनेडियमच्या पत्र्यावर मारायचे. त्यातून निघणारे ५.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण २० मायक्रॉनच्या पिनहोलमधून नळीची सावली पाडतात. झेनॉनची घनता ठाऊक नसेल तर त्या सावलीचा संगणकातल्या गणिताशी मेळ घालण्यात अर्थ नाही. म्हणून गळणारं टार्गेट चेंबरमध्ये जाऊ द्यायचं नाही, एवढं लगेच ठरलं.

पेटीत राखीव टार्गेट होतं. या राखीव टार्गेटमागे एक इतिहास आहे, आणि तो अनुदानाचा आहे.

मूळ प्रस्तावाच्या बजेटात टार्गेटांची ओळ एकूण खर्चाच्या मानाने मोठी होती. पुनरावलोकन करणाऱ्यांपैकी एकाने शेरा मारला होता, 'इतकी टार्गेटं कशाला?' प्रश्न रास्त होता. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा विभागाच्या निकषांत पहिलं येतं वैज्ञानिक मूल्य, मग पद्धतीची योग्यता, मग चमू आणि साधनं, आणि शेवटी बजेट वाजवी आहे का. पहिले तीन पार केलेले प्रस्तावही चौथ्यावर घसरतात. नंतर निवड झाली तेव्हा मागितल्यापेक्षा कमी रक्कम देऊ केली आणि सुधारित बजेट मागवलं. हे या क्षेत्रात नेहमीचं आहे. कात्री कुठे लावायची हा मुख्य प्रश्न होता.

सगळ्यात सोपी कात्री राखीव टार्गेटांवर बसते. कागदावर ती कुणालाच दुखत नाहीत. प्रयोग तोच, शॉटही तेवढेच. पण टार्गेटचा खर्च नगाप्रमाणे सरळ वाढत नाही, हे ज्याने ती जोडली आहेत त्याला माहीत असतं. नवा प्रकार घेतला की नवं आरेखन, नवा साचा, जोडताना भाग धरून ठेवणारी नवी फिक्स्चर आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापाची नवी पद्धत लागते. बेरिलियम असेल तर त्याची धूळ विषारी असल्यामुळे हाताळणीचा वेगळा खर्च. एकदा हे सगळं बसलं की त्याच प्रकारचे आणखी नग तुलनेने स्वस्तात होतात. म्हणून आम्ही टार्गेटांचे प्रकार कमी केले. लंबवर्तुळाकार नळीचा प्रकार पुढच्या वर्षावर ढकलला. तो शास्त्रज्ञांना प्रिय होता, सोडताना जड गेलं. गोल नळीच्या प्रती मात्र होत्या तेवढ्याच ठेवल्या. सुधारित बजेटबरोबर कामाची व्याप्तीही कमी करून दिली. पैसे कमी आणि आश्वासनं तेवढीच, असा कागद पाठवला तर पुढच्या वार्षिक अहवालात तोच गळ्याशी येतो.

बजेट करणाऱ्यांच्या कामाची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी: ओव्हरहेड. विद्यापीठाचा अप्रत्यक्ष खर्च संपूर्ण रकमेवर लागत नाही. विद्यार्थ्याची ट्यूशन आणि भांडवली उपकरणं त्यातून वगळतात. उपकरण ठरायला वस्तूचं आयुष्य वर्षाहून जास्त लागतं आणि किंमत ठरावीक मर्यादेच्या वर लागते. ही मर्यादा वर्षानुवर्षं पाच हजार डॉलर होती. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित केंद्रीय नियमांत ती दहा हजारांपर्यंत नेली आहे. टार्गेट काही नॅनोसेकंदांत नष्ट होतं. म्हणजे ते कितीही महाग असलं तरी कच्च्या मालात मोडतं आणि त्यावर पूर्ण ओव्हरहेड लागतो. समजा दर ५५ टक्के आहे: एक लाख डॉलरची टार्गेटं अनुदानातून एक लाख पंचावन्न हजार खातात. तेच काम दुसऱ्या संस्थेबरोबर उपकरार करून घेतलं तर ओव्हरहेड फक्त पहिल्या पन्नास हजारांवर लागतो (आधी ही मर्यादा पंचवीस हजार होती). पण उपकरार केवळ ओव्हरहेड वाचवायला करता येत नाही. समोरच्या संस्थेने संशोधनाचा खरा वाटा उचलायला हवा. नुसती खरेदी असेल तर ती खरेदीच दाखवावी लागते. नवे संशोधक इथेच फसतात: टार्गेटांचा दर विचारतात, तो बजेटात लिहितात, ओव्हरहेड मिळवला की एकूण आकडा अनुदानाच्या मर्यादेच्या वर जातो, आणि शेवटच्या रात्री राखीव टार्गेटं उडतात.

त्या दिवशी राखीव टार्गेट हातात असूनही ते ताबडतोब वापरता येत नव्हतं. झेनॉन भरायला आणि दाब स्थिर झाला आहे हे पाहायला वेळ हवा होता. शॉटचा क्रम बदलावा लागला. यादीत एक वेगळा शॉट होता: फक्त बेरिलियमची चकती, नळी नाही, वायू नाही, आघातलाट चकतीच्या मागून नेमकी केव्हा बाहेर पडते ते मोजायला. ती अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास बाहेर पडते. चकतीच्या जाडीत मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा फरक पडला तर ही वेळ सरकते, आणि पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं असतं. हा शॉट पुढे आणला.

क्रम बदलणं ऐकायला सोपं वाटतं. पण ओमेगावर प्रत्येक शॉटसाठी विनंतीपत्र काही आठवडे आधी भरलेलं असतं: कुठले बीम, किती ऊर्जा, पल्सचा आकार, कुठली फेज प्लेट (बीमचा ठिपका एकसारखा करणारी काच), चेंबरच्या सहापैकी कुठल्या टीआयएममध्ये कुठलं निदान उपकरण. हे टीआयएम म्हणजे दहा इंची नळकांडी. त्यांतून उपकरणं निर्वात न मोडता आतबाहेर करता येतात. पल्सचा आकार आणि फेज प्लेट तीच असेल तर क्रम बदलता येतो. त्यातलं काही बदलायचं असेल तर निम्मी सकाळ त्यातच जाते. यादी लिहितानाच सारख्या पल्सचे शॉट शेजारी ठेवले होते, म्हणून अदलाबदल निभावली. चालकांनी बीमच्या दिशा आणि ऊर्जा पुन्हा तपासल्या, आणि शॉट वेळेवर झाला.

तोवर राखीव टार्गेट भरून झालं होतं. दाब टिकला. मोजमापात मात्र त्याची नळी आराखड्यापेक्षा किंचित कललेली निघाली. तरी वापरायचं ठरलं, कारण कलाचा कोन मोजून नोंदवलेला होता. माहीत असलेली चूक विश्लेषणात धरता येते, माहीत नसलेला दाब धरता येत नाही. नळीशेजारी सोन्याची बारीक जाळी चिकटवलेली असते. क्ष-किरण चित्रात तिच्या चौकटी दिसतात आणि त्यांवरून अंतर मोजतात. त्या शॉटच्या चित्रात पातळ, गडद थर स्पष्ट होता, आणि कडेला भिंतीवरून उठलेली आघातलाटही.

नंतर गळकं टार्गेट फोडून पाहिलं तेव्हा वायू भरण्याची केशनलिका जिथे मुख्य नळीत शिरते तिथे गोंद एका बाजूला पातळ आढळला. तेव्हापासून भरण्याआधी हेलियमने गळतीची चाचणी होते आणि तिचा वेळ बजेटात वेगळा धरतात.

आता पैशाच्या वाटांबद्दल, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. दहा लाख वातावरणांच्या वर दाब गेला की त्या पदार्थाला उच्च ऊर्जाघनतेचा म्हणतात. घनमीटरला १०^११ ज्यूल. असा पदार्थ तयार करणारी मोठी यंत्रं अमेरिकेत प्रामुख्याने एनएनएसएने, म्हणजे ऊर्जा विभागातल्या अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या संस्थेने, उभी केली. सप्टेंबर १९९२ नंतर अमेरिकेत अणुचाचणी झालेली नाही, आणि शस्त्रसाठ्याची खात्री प्रयोगशाळेत आणि संगणकावर द्यावी लागते. त्यासाठी ही यंत्रं. लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेचं एनआयएफ हे लेसर, १९२ बीमचं, ज्यात ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा निघाली; सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचं, विजेच्या प्रचंड स्पंदांवर चालणारं झेड यंत्र; आणि ओमेगा. दुसरीकडे ऊर्जा विभागाच्याच ऑफिस ऑफ सायन्समधलं संमीलन-ऊर्जा कार्यालय मूलभूत विज्ञानाला पैसे देतं. दोघांचा या विषयातला संयुक्त कार्यक्रम २००८ च्या सुमारास आकाराला आला. मनुष्यबळ घडवणं आणि साठ्याशी जोडलेलं विज्ञान हे एनएनएसएला महत्त्वाचं. शोध हा हेतू पुरेसा आहे, असं संमीलन कार्यालय मानतं. तोच प्रस्ताव दोन्हीकडे शब्दशः पाठवला तर एकीकडे तो नक्की पडतो.

यंत्रावरचा वेळ वेगळ्या दाराने येतो. ओमेगाचा राष्ट्रीय वापरकर्ता कार्यक्रम १९७९ पासून आहे आणि तिथे वेळेबरोबर पैसाही मिळू शकतो. २०१८ साली सुरू झालेलं लेसरनेट-यूएस जाळं अनेक विद्यापीठांच्या आणि प्रयोगशाळांच्या लेसरवर वेळ मोफत देतं, पण विद्यार्थ्याचा पगार आणि टार्गेटं आपली आपण पाहायची. वेळ मिळाला आणि अनुदान नाही, किंवा अनुदान मिळालं आणि वेळ पुढच्या वर्षी, असं घडतंच. त्यात अमेरिकी केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्थसंकल्प त्या दिवशी मंजूर नसेल तर तात्पुरत्या तरतुदीवर गाडी चालते. नवी अनुदानं बहुधा खोळंबतात. शॉटचा दिवस मात्र कॅलेंडरवर हलत नाही.

यावर दोन कायदेशीर उपाय आहेत आणि दोन्ही वापरावेत. एक, अनुदान सुरू होण्याआधीच्या नव्वद दिवसांतला खर्च विद्यापीठ स्वतःच्या जोखमीवर करू शकतं. टार्गेटांची मागणी याच मुदतीत नोंदवायची. जोडणीला महिने लागतात. त्यासाठी विभागप्रमुखाची सही आधीच घेऊन ठेवावी, कारण अनुदान आलंच नाही तर तो खर्च विभागावर पडतो. दोन, शेवटच्या वर्षी एकदा बारा महिन्यांपर्यंत विनाखर्च मुदतवाढ घेता येते. शॉट पुढे गेला तर डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याचं विश्लेषण त्यात बसतं. मुदतवाढीत नवे पैसे येत नाहीत, तेव्हा विद्यार्थ्याचे महिने आधीपासून वाचवावे लागतात.

मुंबईच्या टीआयएफआर किंवा इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन संस्थांत उच्च तीव्रतेच्या लेसरवर हात बसवून अमेरिकेत पीएचडीला येणारी मराठी मुलंमुली या क्षेत्रात दिसतात. त्यांच्या मार्गदर्शकांनी प्रस्ताव लिहितानाच एक वेळापत्रक जोडावं. राष्ट्रीय प्रयोगशाळेत परदेशी नागरिकाला प्रवेश द्यायला आधी मंजुरी लागते, आणि भारतीय पासपोर्टधारकाची मंजुरी आठवड्यांत होईल असं धरून चालू नये. शॉटच्या तारखेच्या कित्येक महिने आधी अर्ज जावा. विद्यापीठात असलेल्या यंत्रावर ही वाट तुलनेने सुलभ असते, म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं नाव तिथल्या शॉटवर लिहावं आणि लिव्हरमोर किंवा सँडियाचा भाग तिसऱ्या वर्षासाठी ठेवावा. तोवर मंजुरी हातात आलेली असते, आणि टार्गेट जोडण्याचा सरावही झालेला असतो.