उगाच लावलेला खांब

रविवारी दुपारी जेवण जरा जास्तच झालं होतं, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि मी व्हॅलहाइम नावाच्या व्हिडिओ गेममध्ये एका लांबलचक हॉलचं छप्पर चढवत बसलो होतो. भाचा मागं येऊन थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, अजून घरच बांधूलास? आणि हे मधी खांब कशाला घातलास, इथं तर सगळं हिरवंच आहे की."

बरोबर होतं त्याचं. हातोडा हातात घेऊन तुकड्याकडं बघितलं की तो रंग दाखवतो, जमिनीला टेकलेला तुकडा निळा, तिथनं लांब जाईल तसा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, आणि लालच्याही पुढं हौसेनं एक लावायला गेलं की कडकन मोडून खाली, लाकडं गोळा करत बसा. माझं छप्पर हिरव्यातच होतं, आढ्याकडं थोडं पिवळं. पडायचा काही प्रश्नच नव्हता. पण बावीस पावलं लांब हॉल आणि मधे काहीच नाही हे मला बघवत नाही. घातले दोन खांब. चालताना आपलाच माणूस त्याला अडकतो, ट्रॉफ्या लावलेली भिंत नीट दिसत नाही, असू दे.

हा गेम स्वीडनच्या आयर्न गेट नावाच्या छोट्या स्टुडिओचा, फेब्रुवारी 2021 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरता तयार व्हायच्या आधीच विक्रीला, आला तेव्हा टीममध्ये पाचच माणसं होती म्हणे. लोकांनी तो राक्षस मारायला घेतला. मी पण तसाच घेतला होता, पण पहिल्या झोपडीच्या भिंतीला भिंत टक करून चिकटली आणि माझं पुढचं सगळंच राहिलं. ते दोन तुकडे जवळ नेले की कोपऱ्याला कोपरा आपोआप बसतो ना, त्यात काय आहे कुणास ठाऊक, दिवसभर ऑफिसात एकही गोष्ट दुसऱ्या गोष्टीला अशी बसत नाही. आता माझा वाईकिंग हातात कुऱ्हाड आणि हातोडा सोडून काही धरत नाही. लोखंडाच्या पट्ट्या मारलेले बीम पाहिजे असतील तर आधी एल्डर नावाच्या राक्षसाला मारून किल्ली मिळवायची, मग दलदलीत उतरायचं, ते काम भाच्याकडं दिलंय. तो लोखंड आणतो, मी बीम लावतो. त्याला मी येडा वाटतो आणि मला तो हमाल.

माइनक्राफ्ट ह्या ठोकळ्यांच्या गेममध्ये तर आधाराची गरजच नाही. वाळू, खडी असल्या मोजक्या गोष्टी खाली पडतात, बाकी सगळं हवेत. झाडाचा बुंधा खालनं तोडला तरी वरचा शेंडा जागच्या जागी. पोरं तसंच सोडून पुढं जातात आणि मी मात्र प्रत्येक झाड शेंड्यापर्यंत उतरवून घेतो, आणि गॅलरी बांधली की तिच्याखाली कुंपणाचे खांब. कुणी विचारलं तर डिझाइन म्हणून सांगतो.

व्हॅलहाइमची एक गंमत मात्र बरीच उशिरा डोक्यात शिरली. ह्या गेममध्ये वजन असं नाहीच. छपरावर आणखी दहा छपरं चढवा, खालच्या खांबाला त्याची खबर नाही. हिशेब एवढाच, की हा तुकडा जमिनीपासून किती लांब आहे. प्रत्येक तुकड्यागणिक आधार थोडा गळतो, उभ्या लाकडात कमी, आडव्यात जास्त. दगड, साधं लाकूड, पाइनचं कोअर वूड, लोखंडी बीम, प्रत्येकाची पोच वेगळी. म्हणजे आपल्याकडं खांब वरचं ओझं खाली नेतो, आणि इथं खांब खालची जमीन वर नेतो. गवंड्याला सांगितलं तर तो तंबाखू मळायची थांबवून माझ्या तोंडाकडं बघत राहील. पण मला हे पटलंय. माझं आजोळ नव्हे, बाबांकडचं घर, आजीचं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, तिथल्या खांबाचं कोडं ह्या हिशेबानंच थोडंफार सुटतं.

त्या बाजूचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती उगाच नाही, जूनमध्ये पाऊस जो सुरू व्हायचा तो सुकत घातलेल्या कपड्यांना कुबट वास सुटला तरी चालूच. त्यामुळं घराचं पाखं उभं, पाणी टिकता कामा नये. (गेममध्ये गवताची छपरं 26 आणि 45 अंशाची मिळतात, मी कायम 45. 26 लावणाऱ्या माणसानं घाटाचा पाऊस बघितला नाही असं मी समजतो.) मे महिन्यात कौलं परतायची. काका वर, आम्ही पोरं खाली शिडीपर्यंत रांगेत, आणि कौल हातातनं हातात. खानापूरची माती कौलांना, विटांना, मडक्यांना चांगली, त्यामुळं कौलाची टंचाई नव्हती, पण फुटलेलं कौल मोजून ठेवलं जायचं आणि कुणाच्या हातनं फुटलं ते वर्षभर लक्षात राहायचं. काका वर चालायचा तो बघण्यासारखा असायचा. कौलावर चालतोय असं दिसायचं पण पाय बरोबर वाशावर, दोन वाशांच्या मधल्या रिपेवर कधीच नाही. खालनं वासा कुठाय ते दिसतं, वरनं फक्त कौलं. मी एकदा वर जायचा हट्ट केला तर म्हणाला, "वासा कुठाय ते दाखव, मग चढ." मी बोट दाखवलं. त्यानं खाली पाठवलं.

स्वयंपाकघराच्या वर एक काचेचं कौल होतं. त्यातनं उन्हाचा चौकोन चुलीपासून पाटा-वरवंट्यापर्यंत सरकायचा तेव्हा आजीचं घड्याळ ते. धूर मात्र सगळा कौलांच्या फटीतनंच जायचा, वासे काळेकुट्ट, आणि त्या धुरानंच लाकूड टिकतं असं ती म्हणायची. व्हॅलहाइममध्ये आत चूल पेटवली आणि धुराला वाट ठेवली नाही की माणूस खोकून खोकून मरायला टेकतो. मी धुराडं करतो, वर छोटं छप्पर, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. लाकडाला छप्पर नसलं तर पावसानं ते अर्ध्यापर्यंत झिजतं, हे पण त्या पाच जणांनी घातलंय. कुणाच्या तरी आजीचं घर तिकडं पण असणार.

तर सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत, मधोमध एक खांब होता. फणसाचा, गोल, हात लावून लावून कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत झालेला. सगळ्यांना आडवा यायचा. लग्नाची पंगत बसली की एक पान त्याच्या मागं जायचं आणि त्या पानावर वाढायचं हमखास राहायचं. आजी त्याला टेकून शेंगा फोडायची, सुपारी कातरायची, दुपारी डोळा लागायचा तो पण बसल्या बसल्या तिथंच. लपाछपीत राज्य त्या खांबावर. बाबांनी एका उन्हाळ्यात टीव्हीसाठी सोपा मोकळा करायचा म्हणून सुताराला बोलावलं, खांब काढून वर लोखंडी गर्डर टाकता येईल का बघायला. सुतार शिडी लावून वर गेला, बराच वेळ काही बोलेना, मग खिशातनं दुमडलेला कागद काढून खांब आणि तुळईच्या मधनं सरकवला. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर.

"आजी, ह्याच्यावर काय भारच नाही. हे बघा. तुळई त्या भिंतीवरच बसलीय. कधी खालनं खचलाय कुणास ठाऊक."

सगळे हसले. बाबा म्हणाले, मग तर बरंच झालं, गर्डर पण नको. आजी उठलीच नाही. पाठ खांबाला लावूनच बसलेली होती. म्हणाली, "भार नसंना. तो हाय म्हणून तुळई वाकली नाही इतकी वर्षं."

आता ह्याला काय उत्तर आहे? सुतारानं चहा घेतला आणि गेला. खांब राहिला. टीव्ही कोपऱ्यात गेला आणि खांबाच्या डावीकडं बसणाऱ्यांना अर्धाच दिसायचा. पुढं ते घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा मी बेळगावात नोकरीला होतो, बांधकाम बघायला सुट्टीच्या दिवशी जायचो. लेव्हल बघायला पाण्याची ट्यूब घेऊन दोघं दोन टोकाला, एक मराठी बोलणारा एक कन्नड, आणि मधे "सोलप म्याले, अजून जरा, केळगे केळगे, साकु." (थोडं वर, खाली खाली, पुरे.) तो आवाज मला अजून आवडतो, बीम लावताना मी तोंडातल्या तोंडात तेच म्हणतो. गेममध्ये मधलं बटण दाबलं की भिंत मोडते आणि लावलेलं सगळं लाकूड परत मिळतं. आमचं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं वजनावर नेलं. फणसाचा खांब त्यात गेला का काकानं ठेवून घेतला, ह्यावर घरात दोन मतं आहेत आणि तो विषय कुणी काढत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्याच एकदम चढल्या, पुणे-बेंगळूर हायवे बंद पडला, बेळगाव जिल्ह्यातलं निम्मं गणगोत कुणाच्या ना कुणाच्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात. माझी आत्या निपाणीकडं, वेदगंगेच्या काठच्या गावात. भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, आणि छपराचा सगळा भार त्याच भिंतींवर, आत एकसुद्धा खांब नाही, सोपा मोकळाच्या मोकळा. पाणी घरात होतं तोवर भिंती उभ्या होत्या. पाणी उतरलं, ऊन पडलं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग मागची भिंत बुडातनं बसली आणि छप्पर तिच्यामागोमाग. तेव्हा घरात कुणी नव्हतं. त्या बाजूला अशी कितीतरी घरं पाणी गेल्यावर पडली. ओली माती स्वतःचंच वजन धरत नाही, आणि आतबाहेर सारखं असलेलं पाणी निघून गेलं की तिला टेकायलाही काही उरत नाही.

त्या वर्षी गावात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, घर 'ए' मधे गेलं का 'बी' मधे. 'ए' म्हणजे पूर्ण पडलेलं, त्याला 5 लाख, हप्त्याहप्त्यानं. रंग बघून सांगायची सोय तिथं नव्हती, सर्व्हेला आलेला माणूस भिंतीकडं बघायचा, घरवाले त्याच्या वहीकडं.

आत्याचं 'ए' मधे गेलं. नवीन घर आरसीसी, चार कोपऱ्याला कॉलम, मधल्या भिंतीत दोन. नकाशा घेऊन इंजिनिअर आला तेव्हा मी पण होतो. आत्या म्हणाली, हॉलच्या मधोमध एक कॉलम घाला. तो म्हणाला, मावशी, तिथं गरज नाही, बीम पुरतो, आणि मधे आधार घातला तर बीमच्या वरच्या अंगाचं स्टील बदलावं लागतं, खर्च उगाच. पाया पण वेगळा खणावा लागेल. आतेभाऊ म्हणाला, आई, फर्निचर कुठं ठेवायचं मग. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"स्टील बदला," ती म्हणाली. "पैसे मी देते."

घातला शेवटी. एल आकाराचा सोफा आणला होता तो बसत नाही, तीन सीटरच बसतो, तो पण जरा तिरका.