कोणास म्हणाले?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत सहली, बक्षिसं आणि स्नेहसंमेलनं यांवर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मला लिहायचं आहे ते चौथीतल्या एका नाटकाबद्दल. ते आम्ही रंगमंचावर कधीच केलं नाही, फक्त वाचलं.

नाटक सिंड्रेलाचं. बाईंनी ते स्वतः लिहून त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या होत्या. पाठांतराला सक्त मनाई होती, कागद हातात धरूनच बोलायचं. (संमेलनातली नाटकं आम्ही पोपटासारखी घोकायचो. आपण काय बोलतोय हे अर्ध्या मुलांना पडदा पडेपर्यंत कळायचं नाही.)

धड्यात लेखक सगळं सांगून मोकळा होतो: तिला वाईट वाटलं, तो रागावला. नाटकात सांगणारा कुणी नसतो. डावीकडे पात्राचं नाव, पुढे वाक्य, मधेच कंसात एखादी सूचना. उरलेलं वाचणाऱ्याने ओळखायचं. सुरुवातीला आम्ही कंसही मोठ्याने वाचत होतो. ‘सिंड्रेला डोळे पुसत मी कशी येऊ’ असं सगळं एका दमात!

प्रश्नपत्रिकेतला आमचा लाडका प्रश्न म्हणजे ‘कोण कोणास म्हणाले?’ नाटकात त्यातलं ‘कोण’ आयतंच छापलेलं. बाईंनी ते खोडून टाकलं आणि ‘कोणास’ व ‘का’ एवढंच ठेवलं. प्रश्न सोपा होईल असं वाटलं होतं, झाला उलट अवघड. एकाच प्रवेशात सावत्र आई, दोन्ही मुली आणि सिंड्रेला अशा चौघी असताना ‘आरशात बघितलंस का?’ हे वाक्य नेमकं कुणाला उद्देशून आहे? त्यासाठी मागची चार आणि पुढची दोन वाक्यं वाचावी लागत.

एका वाक्यावर तर जवळजवळ अख्खा तास गेला. थोरली बहीण विचारते, ‘सिंड्रेला, तुला यायचंय का गं राजवाड्यात?’ कंस नाही, काही नाही. बाईंनी ते तिघींकडून वाचून घेतलं. पहिलीने मायेने विचारलं, दुसरीने खवचटपणे, तिसरीने उगाच विचारायचं म्हणून. ‘यातलं बरोबर कुठलं? कागदावर बोट ठेवा.’ पुढच्याच ओळीत सिंड्रेला म्हणते, ‘थट्टा करतेस का ताई?’ झालं, खवचटपणा सिद्ध! पण एका मुलीने हरकत घेतली: सिंड्रेलाला तसं वाटलं, म्हणून ताईच्या मनात तसंच होतं कशावरून? बाई खूश झाल्या. आणखी एक ओळ खाली गेल्यावर ताईचं वाक्य सापडलं, ‘तुला पाहून लोक हसतील!’ तेव्हा कुठे तो वाद मिटला.

अडखळत वाचणाऱ्या एका मुलाला घड्याळाचं काम मिळालं. त्याने फक्त बारा ठोके द्यायचे. आम्हाला वाटलं, त्याला सोपं काम दिलं. पण ठोके नेमके कधी द्यायचे ते कळायला त्याला सगळ्यांची वाक्यं ओळीवर बोट फिरवत वाचावी लागायची. एकदा राजपुत्राने दोन ओळी गाळल्या, तर घड्याळानेच त्याला थांबवलं.

सर्वांत चांगला प्रश्न मात्र बाईंचा नव्हता, मागच्या बाकावरून आला होता. बारा वाजता रथाचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, झगा जाऊन चिंध्या आल्या. मग काचेचा बूटच कसा राहिला? कुणी म्हणालं, परी विसरली. कुणी म्हणालं, गोष्टीत असंच असतं. बाई म्हणाल्या, ‘गोष्ट माहीत आहे म्हणून सांगू नका. परीचा प्रवेश काढा.’ कंस वाचत गेलो. भोपळ्यापाशी लिहिलं होतं ‘(छडी फिरवते)’, उंदरांपाशी तेच, फ्रॉकपाशी तेच. बुटांपाशी मात्र ‘(तिच्या हातात देते)’. म्हणजे बूट कशापासून बदललेले नव्हतेच, ते दिलेले होते. मग बारा वाजता ते बदलणार कशात? त्या दिवसापासून वर्गात कंस वगळून वाचायची कुणाची हिंमत झाली नाही.

मोठेपणी शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची 1697 सालची सिंड्रेला अनुवादात वाचली. तिथेही परी छडी लावून कपडे बदलते आणि बूट वेगळे देते. बाईंनी नाटक कशावरून बेतलं ते तेव्हा समजलं. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या 1857 च्या आवृत्तीतल्या जर्मन कथेत परीच नाही. आईच्या थडग्यावर झाड उगवतं, त्यावरचा पक्षी कपडे आणि बूट टाकतो, आणि बूट काचेचा नसून शेवटी सोन्याचा असतो. बारा वाजता जादू ओसरायची भानगडही तिथे नाही. म्हणजे मागच्या बाकावरचा प्रश्न ग्रिमच्या गोष्टीत पडलाच नसता. ‘गोष्ट माहीत आहे म्हणून सांगू नका’ यात केवढा अर्थ होता!

शेवटच्या तासाला बाईंनी विचारलं, ‘सिंड्रेलाचे वडील किती वेळा बोलतात?’ मोजायला वेळच लागला नाही. एकदाच, ‘गाडी दारात उभी आहे.’ मग प्रश्न आला, का? ते घाबरतात, त्यांना काही माहीतच नाही, त्यांना पर्वा नाही अशी उत्तरं आली. एकाने तर ‘लिहिणारा विसरला असेल’ असंही सांगून टाकलं. लिहिणाऱ्या समोरच उभ्या होत्या. ‘विसरलेले नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या तासाचे सर दारात येईपर्यंत आम्ही भांडत राहिलो.

पेरोने याचा खुलासा एका वाक्यात केला आहे: वडील पूर्णपणे बायकोच्या मुठीत होते, तक्रार केली असती तर मुलीलाच रागावले असते. बाईंनी ते नक्कीच वाचलं असणार. नाटकात मात्र त्यांनी ते येऊ दिलं नाही, आणि मला वाटतं, त्या सगळ्या नाटकातलं त्यांचं सर्वांत हुशारीचं काम तेच होतं.