आमची वाटचाल : मोसम पुलाजवळचा गाळा

1998 साली मालेगावात मोसम पुलाजवळ दहा बाय बाराचा गाळा घेतला. भांडवल म्हणजे एक व्हीएचएस कॅमेरा आणि दोन व्हीसीआर. गाव यंत्रमागांचं. शुक्रवारी माग बंद, की कारागिरांची पावलं व्हिडिओ पार्लरकडे, म्हणजे कॅसेट लावून सिनेमे दाखवणाऱ्या छोट्या थिएटरांकडे. 2000 च्या सुमारास इथल्याच नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हा ‘शोले’चा विडंबनपट काढला आणि मग जो तो दिग्दर्शक झाला. सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली शॉट घ्यायचे ते दिवस. आमचा कॅमेराही भाड्यानं जायचा. भाडं निम्म्या वेळा बुडायचं.

पैशाची ओढाताण होतीच, पण खरं घोडं अडायचं नायिकेपाशी. गावातली मुलगी कॅमेऱ्यापुढे येईना, आली तर घरचे सोडेनात. बाहेरगावच्या ऑर्केस्ट्रातली मुलगी आणायची आणि तिचं काम एका दिवसात उरकायचं, दुसऱ्या दिवसाचे पैसे कोण देणार? राहिलेले प्रसंग ओढणी घेतलेल्या पाठमोऱ्या मुलावर. आमच्या गाळ्यातला पोरगा तीनदा ‘नायिका’ झालाय. आता दोन लेकरांचा बाप आहे, नाव सांगत नाही. रमजानचा महिना तर पूर्ण कोरडा.

हे फक्त पुलापलीकडच्या मुस्लिम मोहल्ल्यांतलं नव्हे बरं. हळदीत नाचणारी सून केबलवर दिसली म्हणून आमच्याच आळीतले एक सासरे भांडायला आले होते. केबलवरचा आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम तिथेच आटोपला. 8 सप्टेंबर 2006 च्या बॉम्बस्फोटांनंतर तर गल्लीत कॅमेरा काढला की पहिला प्रश्न, “कुणासाठी काढताय?”

2009 मध्ये एका कारखानदार शेठच्या मुलीचं लग्न आलं. अट एकच : बायकांच्या मांडवात पुरुष कॅमेरावाला नको. आमची मंडळी तोवर संगणकावर मिक्सिंग करत असे. तिच्या हाती हँडीकॅम दिला. पहिल्या कॅसेटमध्ये निम्मं शूटिंग लोकांच्या चपलांचं, पण शेठाणीनं पुढची दोन लग्नं तिथेच सांगितली. सिनेमानं जे कधी दिलं नाही, ते या पडद्यानं दिलं. आज तिच्या हाताखाली तिघी आहेत आणि लग्नसराईत आमची निम्म्याहून अधिक कमाई त्यांची.

ते शूटिंग मी आजवर पाहिलेलं नाही. एडिटिंगच्या खोलीला आतून कडी असते. चहा दाराबाहेर ठेवून मी कडी वाजवतो.