मोटारीचा ट्रॅक्टर, खेचराची मोटार

अमेरिकेतील शेती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर क्षितिजापर्यंत पसरलेला गहू आणि घराएवढी यंत्रे येतात. मी राहतो त्या न्यू हॅम्पशायरसारख्या डोंगराळ, दगडाळ राज्यात मात्र अनेक लहान शेतकऱ्यांचा पहिला ट्रॅक्टर कारखान्यातून आला नाही. जुन्या फोर्ड मोटारीची मोडतोड करून तो त्यांनी स्वतःच घडवला. या घरगुती यंत्राला येथे डूडलबग म्हणतात.

मोटारीपासून ट्रॅक्टर करताना ताकदीची अडचण नव्हती. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचे इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचे, म्हणजे त्याच उद्योगाच्या फोर्डसन ट्रॅक्टरच्या जवळजवळ दुप्पट होते. अडचण होती ती वेगाची, कारण रस्त्यावर धावण्यासाठी बनवलेली मोटार पहिल्या गिअरमध्येही नांगरामागे चालणाऱ्या माणसापेक्षा वेगाने जाई आणि जमिनीत रुतलेला फाळ ओढताना तिचे इंजिन गुदमरे. यावर शोधलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो: एका गिअरबॉक्सच्या मागे दुसरी गिअरबॉक्स जोडायची. एकीने वेग सुमारे तीनपट कमी होत असेल, तर दोन्ही मिळून तो नऊपट कमी होतो आणि चाकांची ओढ त्याच प्रमाणात वाढते. मग सांगाडा कापून आखूड करायचा, एखाद्या मालमोटारीचा मजबूत मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, बसवायचा, त्यावर दगड किंवा काँक्रीटचे वजन लादायचे आणि टायरांना साखळ्या गुंडाळायच्या. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’सारखी मासिके असे आराखडे छापत असली, तरी बहुतेक कारागीर भंगारात काय मिळते त्यावरच आपला बेत ठरवत.

याआधी मॉडेल टीच्या काळात तयार संचही विकले जात. 1908 ते 1927 या काळात दीड कोटींहून अधिक मॉडेल टी गाड्या बनल्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाण नव्हती. मिनेसोटातील सेंट पॉल येथील ‘स्टॉड मेक-अ-ट्रॅक्टर’ हा असाच एक संच होता. मोटारीची मागची चाके काढून दातेरी चक्रांनी फिरणारी मोठी लोखंडी चाके बसवायची आणि काम संपल्यावर पुन्हा मोटार करायची, अशी ती कल्पना. जाहिरातीत ती छान दिसे, परंतु तासन्‌तास संथ आणि जड काम करणे त्या छोट्या इंजिनाच्या थंडाव्याला आणि वंगणाला सहजासहजी झेपणारे नव्हते.

महामंदीत तर गंगा उलटी वाहिली. नॉर्थ कॅरोलिनातील शेतकऱ्यांकडे मोटार होती, पण पेट्रोलला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी मोटारीचा मागचा अ‍ॅक्सल आणि रबरी टायर काढून त्यावर गाडा बांधला आणि पुढे खेचर जुंपले. या मंदीबद्दल राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्यावर असलेला राग नावात उतरला आणि तो ‘हूव्हर कार्ट’ झाला. उपहास बाजूला ठेवला, तर गाडा उत्तम होता, कारण लाकडी चाकांपेक्षा तो कितीतरी हलका चाले.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने डूडलबगला सुगीचे दिवस आणले. फेब्रुवारी 1942 मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबले, शेतीयंत्रांच्या उत्पादनावरही निर्बंध आले आणि शेतमजूर सैन्यात गेले. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे न्यू हॅम्पशायरसह अमेरिकेच्या ईशान्य भागातील, लहान गोठ्यांवर गवत आणणे, सरपणाचे ओंडके ओढणे आणि बर्फ बाजूला सारणे ही कामे तर थांबणार नव्हती.

तरीही या यंत्राचा उगाच गौरव करण्यात अर्थ नाही. डूडलबग ओढू शकत असे, पण अवजार उचलू शकत नसे. हायड्रॉलिक उचल असलेला फोर्डचा लहान ट्रॅक्टर 1939 मध्येच आला होता. 1947 पासून त्याची सुधारित 8एन आवृत्ती लाखोंच्या संख्येने विकली गेली, तेव्हा घरगुती ट्रॅक्टर नव्याने बांधण्याचे कारणच उरले नाही. जे टिकले, ते आज येथील जत्रांमध्ये काँक्रीटचे ठोकळे लादलेली घसरगाडी ओढण्याच्या स्पर्धांत उतरतात.