घड्याळ लावणारी गाडी

शिकागोच्या युनियन स्टेशनातील भव्य प्रतीक्षागृहात, उंच काचेच्या छताखालच्या लाकडी बाकावर बसलो, की माझी नजर गाड्यांच्या फलकाआधी मनगटावरच्या घड्याळाकडे जाते, आणि हे घड्याळ मुळात रेल्वेनेच लावून दिलेले आहे, याची दर वेळी गंमत वाटते. १८८३ पर्यंत अमेरिकेत सूर्य ज्या गावाच्या डोक्यावर येई, त्या गावाचे बारा वाजत. रेल्वे कंपन्याही आपापल्या सोयीची वेळ पाळत, आणि अशा पन्नासाहून अधिक ‘रेल्वे वेळा’ त्या एका देशात गुण्यागोविंदाने नव्हे, पण नांदत होत्या. अखेर कंपन्यांनीच आपापसांत ठरवून १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, एका रविवारी, देशाचे कालविभाग पाडले. शिकागोतील घड्याळे त्या दिवशी सुमारे साडेनऊ मिनिटे थांबवून धरावी लागली. सरकारला या व्यवस्थेवर कायद्याची मोहोर उमटवायला १९१८ साल उजाडले. (आम्ही मुंबईकर मात्र याहून चिवट, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहराने पूर्णपणे सोडली ती १९५५ मध्ये.)

ज्या गाडीने देशाला वेळ दिली, तिला आज स्वतःची वेळ पाळता येत नाही, आणि यात तिचा दोष फारसा नाही. १९५६ च्या कायद्याने महामार्गांचे जाळे विणायला घेतले, विमाने आली, आणि १९६७ मध्ये टपाल खात्याने बहुतेक गाड्यांवरून आपल्या थैल्या उतरवून घेतल्यावर, टपालाच्या उत्पन्नावर कशाबशा तगलेल्या अनेक प्रवासी गाड्या बंद पडल्या. हा तोट्याचा संसार कंपन्यांना नकोसा झाला होता. म्हणून १ मे १९७१ पासून सरकारच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीने तो अंगावर घेतला, आणि पहिल्याच दिवशी जवळजवळ निम्म्या गाड्या गाळल्या. रूळ मात्र कंपन्यांकडेच राहिले. बॉस्टन ते वॉशिंग्टन हा पट्टा मुख्यत्वे ॲमट्रॅकचा; बाकीच्या देशात तिचे बिऱ्हाड दुसऱ्याच्या अंगणात आहे.

कोकण रेल्वेने जाणाऱ्याला ‘क्रॉसिंगला थांबणे’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. अमेरिकेतही बरेचसे मार्ग एकेरीच, म्हणजे जाण्यायेण्याला एकच रूळ असलेले आहेत, आणि समोरासमोर आलेल्या गाड्यांपैकी एकीला बाजूला व्हावे लागते. पण तेथील मालगाड्या आता कधीकधी इतक्या लांब असतात, की बाजूच्या लूप लाइनमध्ये त्या मावतच नाहीत. मग बाजूला कोणी व्हायचे? जी मावते तिने. मालगाडीपेक्षा प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी, असा कायदा १९७३ पासून आहे, परंतु त्याखाली सरकारने कोर्टात दावा लावल्याची उदाहरणे मोजकीच आहेत, आणि दोन मैल लांबीच्या गाडीला कायदा वाचून दाखवून ती आखूड होत नाही, हेही खरेच.

शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या दारातल्या एमरीव्हिलपर्यंत ‘कॅलिफोर्निया झेफर’ ३,९०० किलोमीटरहून अधिक अंतर जाते. कागदावर दोन रात्री आणि वर काही तास. वाटेत नेब्रास्का ओलांडताना घड्याळ एक तास मागे घ्यायचे, पुढे नेवाडात शिरताना आणखी एक तास. हे दोन तास हाताशी आहेत म्हणून उशीर त्यांत जिरून जाईल, अशी आशा कोणाला वाटल्यास ती व्यर्थ आहे, कारण वेळापत्रकाने त्यांचा हिशोब आधीच धरलेला असतो.