चार्ज काढला, पण कोणता?

शासनाच्या एका अभियांत्रिकी विभागाच्या मंडळ कार्यालयात, आस्थापना शाखेत, वरिष्ठ लिपिक म्हणून मी बरीच वर्षे आदेशांचे मसुदे लिहिले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आणि शासकीय कामकाज मराठीत करण्याचा दंडक १ मे १९६६ पासूनचा. तरीही आमच्या साहेबांची लेखणी इंग्रजीतच चालत असे. त्यांनी टिपणीखाली एक ओळ लिहायची आणि तिचा मराठी आदेश मी करायचा, अशी आमच्यात न ठरवता ठरलेली वाटणी होती.

त्या दिवशी एका शाखा अभियंत्याची नस्ती, म्हणजे फाईल, माझ्या टेबलावर आली. मोजमाप पुस्तकातील नोंदींवरून त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ खाली दोषारोपपत्र दिलेले होते आणि त्यांची सेवानिवृत्ती अवघ्या आठ महिन्यांवर आली होती. चौकशी तोवर संपली नाही, तर उपदान (ग्रॅच्युइटी) अडकणार आणि निवृत्तिवेतनही तात्पुरतेच मिळणार, हे आमच्या शाखेत सगळ्यांना ठाऊक होते. साहेबांनी टिपणीखाली लिहिले होते, 'चार्ज टु बी विद्ड्रॉन फोर्थविथ.' नस्तीवरचा विषय दोषारोपांचाच असल्यामुळे मी फारसा विचार न करता मसुदा केला, 'श्री. अमुक यांच्यावरील दोषारोप तात्काळ मागे घेण्यात येत आहेत.' अधीक्षकांनी मसुद्यावर आद्याक्षरी केली आणि टंकलिखित प्रत साहेबांच्या सहीसाठी ठेवली गेली.

दुपारी ते गृहस्थ स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. आदेशावर सही झालेली नव्हती, त्याला जावक क्रमांकही पडलेला नव्हता. पण आमच्या कार्यालयात बातमी नेहमीच जावक क्रमांकाच्या आधी बाहेर पडते. "बाई, तुमच्या हातून शुभ काम झालं," असे म्हणून त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. मी पेढा उचलला खरा, पण 'फोर्थविथ' हा शब्द मला तेव्हा प्रथमच टोचला. दोषारोप मागे घेताना कारणे नमूद करतात, चौकशी अधिकाऱ्याला कळवतात. तेथे 'तात्काळ'ची घाई कशासाठी असावी? मी नस्ती पुन्हा उघडली आणि सकाळी न वाचलेले मागचे पान वाचले. उपअभियंत्यांनी तेथे लिहिले होते की, ज्या अर्थी संबंधितांविरुद्ध चौकशी चालू आहे, त्या अर्थी शेजारच्या शाखेचा अतिरिक्त चार्ज त्यांच्याकडे ठेवणे उचित नाही. साहेबांची ओळ त्या सूचनेला उत्तर म्हणून आलेली होती.

एकाच वाक्यात दोन फसवे शब्द एकमेकांना टेकून बसले होते. 'विद्ड्रॉ' म्हणजे मागे घेणे आणि काढून घेणेही. 'चार्ज' म्हणजे दोषारोप आणि कार्यभारही. दोषारोप मागे घेतला तर माणूस सुटतो. कार्यभार काढून घेतला तर तोच माणूस सर्वांदेखत उणा ठरतो. इंग्रजीत पुढे 'अगेन्स्ट' आले की आरोप आणि 'ऑफ' लावून शाखेचे नाव आले की पदभार, एवढी खूण तरी सापडते. साहेबांनी घाईत तीही गाळली होती. मराठीला असा आडोसा नाही, लिहिणाऱ्याला काय ते एक ठरवावेच लागते. माझी चूक अशी की, मी ठरवले आणि ठरवतो आहोत हे माझ्या लक्षातही आले नाही.

'चार्ज' या शब्दाच्या मागे मी नंतर बरीच लागले. विजेच्या बिलात तो 'स्थिर आकार' आणि 'वहन आकार' म्हणून बसतो, पोलिसांच्या काठीबरोबर तो 'लाठीमार' होतो, अर्थसंकल्पात विधानमंडळाच्या मतदानाला न टाकल्या जाणाऱ्या खर्चाला 'भारित' म्हणतात, शाळेच्या विज्ञानात 'विद्युत प्रभार' शिकवतात आणि आमच्याच विभागात कामाच्या खर्चातून पगार घेणाऱ्या मजुरांची आस्थापना 'कार्यव्ययी' म्हणवते. (हा शेवटचा शब्द घडवणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते, मूळ इंग्रजी 'वर्क-चार्ज्ड' वाचून काहीच उमगत नाही, मराठी वाचून निदान व्यय कोठून होतो ते कळते.) मुळात लॅटिनमध्ये गाडीला 'कारुस' म्हणत, तिच्यावर माल लादण्याचे क्रियापद त्यावरून झाले आणि तेच फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आले. हे वाचले तेव्हा मला आमचे तलाठी आठवले. कर्ज काढलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, ते 'बोजा' लिहितात. कोशात न डोकावता त्यांनी शब्दाचे मूळ गाठलेले आहे. कार्यभारातला भारही तोच आणि दोषारोपाचे ओझेही तेच. प्रश्न एवढाच की, ते कोणी कोणाच्या माथ्यावर ठेवले आणि आता कोणते उतरवायचे.

तो प्रश्न त्या दुपारी समोर बसलेल्या माणसाला समजावून सांगणे मला जमले नाही. "साहेब, मसुद्यात माझी चूक झाली आहे. तुमचा अतिरिक्त कार्यभार काढलाय, चौकशी तशीच आहे," एवढेच मी म्हणाले. त्यांनी ओळ स्वतः वाचायला मागितली. दोनदा वाचली. "यात दोन्ही होतं की," असे ते हळूच म्हणाले आणि ते खरेच होते. पुडा त्यांनी परत नेला नाही. आम्हीही तो उघडा राहू दिला नाही.

सुधारित आदेश त्याच संध्याकाळी निघाला, 'श्री. अमुक यांच्याकडे सोपविण्यात आलेला शेजारील शाखेचा अतिरिक्त कार्यभार तात्काळ काढून घेण्यात येत आहे.' दुसऱ्या दिवशी त्यांनी चार्ज रिपोर्टवर सही करून शाखा सोपवली. मी साहेबांकडे जाऊन झालेला प्रकार सांगितला. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी फक्त मान हलवली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका नस्तीवर त्यांची ओळ आली, नेहमीप्रमाणे इंग्रजीतच. मात्र 'चार्ज' या शब्दाखाली त्यांनी वळणदार देवनागरीत लिहिले होते, 'कार्यभार'.